किल्टच्या मापांचा तक्ता इंचातून सेंटीमीटरमध्ये नेला की एक चुणी वाढते. कुठून येते?

क्लाइडकाठ

नमस्कार मंडळी. विषय जरा आडवाटेचा आहे, पण इथे शिवणकाम करणारेही आहेत आणि एक्सेल कोळून प्यायलेलेही, म्हणून इथेच विचारते.

मी ग्लासगोजवळ राहते आणि हाताने किल्ट शिवायला शिकते आहे. ज्यांनी किल्ट जवळून पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. किल्ट म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा चुण्यांचा घागरा, टार्टनचा, म्हणजे रंगीत चौकड्यांच्या कापडाचा. पुढच्या बाजूला एकावर एक येणारे दोन सपाट भाग असतात, त्यांना एप्रन म्हणतात. मागे सगळ्या चुण्या. त्या कंबरेपासून सीटपर्यंत (म्हणजे नितंबांच्या सगळ्यात भरलेल्या जागेपर्यंत) हाताने शिवून पक्क्या करायच्या आणि तिथून खाली मोकळ्या सोडायच्या. टार्टनच्या चौकड्यांचा एक नमुना पूर्ण व्हायला जेवढं कापड लागतं त्याला सेट म्हणतात, आणि साधारणपणे एका चुणीत एक अख्खा सेट जातो. बाहेर दिसतो पाऊण इंच, बाकी सगळं आत. शिवाय प्रत्येक चुणी सीटला रुंद आणि कंबरेकडे निमुळती.

माझ्या शिक्षिकेने दिलेला हिशेबाचा तक्ता इंचांत आहे. माप घालायचं, की चुण्या किती, प्रत्येकीची रुंदी किती, कापड किती, सगळं येतं. आता मला जर्मनी-फ्रान्समधून सेंटीमीटरमध्ये मापं येतात, म्हणून मी त्याची सेंटीमीटरची प्रत केली आणि तपासायला एकाच माणसाची मापं दोन्हीकडे घातली.

इंचांत: कंबर ३४, सीट ४२, कंबरेखालची उंची २४, सेट ६, चुणी पाऊण इंच. उत्तर: २८ चुण्या, कापडाची उंची २६.

सेंटीमीटरमध्ये: कंबर ८६.४, सीट १०६.७, उंची ६१, सेट १५.२, चुणी १.९. उत्तर: २९ चुण्या, कापडाची उंची ६३.

माणूस तोच, कापड तेच. मग एक चुणी वाढली कशी? आणि २६ इंच म्हणजे ६६ सेंटीमीटर व्हायला हवेत, तर ६३ का?

शून्यशेष

दोन्ही प्रश्नांची कारणं वेगळी आहेत. सोपं आधी घेऊ.

उंचीच्या खान्यावर टिचकी मारून सूत्र बघा. माझा अंदाज, तिथे "उंची अधिक २" असं लिहिलेलं असणार. किल्ट कंबरेच्याही वर थोडा जातो ना? ते दोन इंच सूत्रातच कोंबलेले आहेत. तुम्ही वरचे आकडे बदललेत, पण सूत्रातला २ तसाच राहिला आणि आता तो दोन सेंटीमीटर झाला. ६१ अधिक २, ६३. तीन सेंटीमीटर तिथे गेले.

आता चुणी. सीटचा अर्धा घेर चुण्यांच्या वाट्याला, म्हणजे २१ इंच. २१ भागिले ०.७५ म्हणजे बरोबर २८, बाकी शून्य. सेंटीमीटरमध्ये ५३.३५ भागिले १.९ म्हणजे २८.०८. सूत्रात वरच्या पूर्णांकात नेणारं राउंडअप असेल तर २८.०८ चे २९ होतात. पाऊण इंच म्हणजे १.९०५ सेंटीमीटर. तुम्ही १.९ धरलात. अर्ध्या दशांश मिलिमीटरची काटछाट आणि किंमत अख्खी एक चुणी, म्हणजे १५ सेंटीमीटर टार्टन!

क्लाइडकाठ

शून्यशेष, दोन्ही अगदी तसंच निघालं. उंचीत "अधिक २" आहे आणि चुण्यांच्या सूत्रात राउंडअप. मनापासून आभार. मग आता प्रत्येक सूत्रात शिरून २ च्या जागी ५.०८ आणि ०.७५ च्या जागी १.९०५ लिहू का?

शून्यशेष

नको. तसं केलंत तर दोन तक्ते होतील, आणि शिक्षिकेने उद्या एकात काही बदललं की दुसरा मागे राहील. तक्ता एकच ठेवा.

आधी सूत्रांत लपलेले सगळे आकडे बाहेर काढून वेगळ्या पानावर नावानिशी मांडा. मग प्रत्येकाला विचारा, तू कोण? लांबी असेल तर त्याला एकक आहे. गुणोत्तर असेल, म्हणजे सीटचा अर्धा किंवा उंचीचा तिसरा हिस्सा, तर त्याला एकक नाही, त्याला हात लावायचा नाही. मोजणी असेल, २८ चुण्या, ३ बकलं, तर त्यालाही नाही. अख्ख्या पानाला २.५४ ने गुणणारे लोक इथेच अडकतात. "अर्धा" सुद्धा १.२७ होऊन बसतो.

मग सुरुवातीला एक खाना: "माप कशात आलंय", त्यात निवडीची यादी, इंच किंवा सेंटीमीटर. गिऱ्हाइकाने जे पाठवलं ते जसंच्या तसं एका रकान्यात. त्याच्या शेजारच्या रकान्यात ते मिलिमीटरमध्ये, इंच असेल तर गुणिले २५.४, सेंटीमीटर असेल तर गुणिले १०. त्यापुढचं सगळं गणित फक्त मिलिमीटरमध्ये. एकक एकदाच बदलायचं, दाराशीच. आणि आकडा गोल करायचा तो शेवटी, छापताना.

एक्सेलमध्ये कन्व्हर्ट नावाचं फंक्शन आहे, तेही चालेल, पण त्याला एककाची अक्षरं लहान-मोठी चुकलेली चालत नाहीत. साधा गुणाकार बरा, नंतर कुणी उघडलं तरी कळतो.

राउंडअप ठेवायचंच असेल तर त्याच्या आत भागाकार आधी सहा दशांशांपर्यंत गोल करून घ्या. संगणक आत दोनच्या घातांत मोजतो, त्यामुळे २८ च्या जागी कधीतरी २८ आणि शेवटच्या घरात कणभर जास्त, असं उत्तर येऊ शकतं आणि पुन्हा २९ होऊ शकतात.

वारपट्टी

ताई, मी कोल्हापूरचा, घरात तीन पिढ्या शिलाई. किल्ट कधी शिवला नाही, पण वाचताना हात शिवशिवले.

आमच्याकडे दोन्ही मापं रोज एकाच टेबलावर असतात. माणूस इंचांत, पन्ना म्हणजे कापडाची रुंदी इंचांत (३६, ४४, ५८), आणि कापड ताक्यावरून सुटतं ते मीटरने. बारीक मोजायचं झालं तर सूत, इंचाला आठ. वडील सांगायचे, "सीट पावणेएकवीस आणि वर एक सूत", की मी लिहून घ्यायचो. गोंधळ होत नाही, कारण कोणती गोष्ट कशात मोजायची हे ठरलेलं आहे आणि बेतताना कुणी एकातून दुसऱ्यात जात नाही. तुमच्या शून्यशेष यांनी "दाराशीच" म्हटलंय ते पटलं.

एक सांगतो, टेप आधी तपासा. एका बाजूला इंच आणि दुसऱ्या बाजूला सेंटीमीटर असतो ना, तर ३० इंचाच्या बरोबर मागे ७६.२ यायला हवेत. काही टेपांत दोन्ही बाजू विरुद्ध टोकांकडून सुरू होतात, तिथे पाठीमागे बघून वाचायचं नाही, सरळ दुसऱ्या टेपाशी लावून बघायचं. कापडी टेप वापरून वापरून ताणला जातो. जुना असेल तर टाकून द्या. गिऱ्हाइकाने घरच्या टेपाने माप घेऊन पाठवलं असेल तर हे जास्तच लागू.

शंका एक. अर्धा-पाव इंच इकडेतिकडे झालं तर बकलाने आवळता येत नाही का? पट्टे असतात असं चित्रात दिसतं.

हेदरमावशी

वारपट्टी दादा, पट्टे असतात, पण ते माणूस जेवून उठला की सैल करायला. शिवणीतली चूक झाकायला नाहीत. पुढच्या एप्रनवर टार्टनचा एक ठरावीक पट्टा बरोबर मधोमध आणलेला असतो. चुण्यांचा भाग कंबरेला अर्धा इंच मोठा झाला आणि तुम्ही पट्टा ओढून तो आवळला, की एप्रन सरकतो आणि तो मधला पट्टा बाजूला जातो. समोरून बघणाऱ्याला पहिली तीच गोष्ट दिसते.

मी स्कॉटलंडच्या उत्तरेला बरीच वर्षं हे काम करते. क्लाइडकाठ, तुझा धागा वाचून फार बरं वाटलं, मराठीत हे कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं. आता जे लिहिते ते तक्त्याबाहेरचं आहे, पण तक्त्यात उतरायला हवं.

पहिलं म्हणजे सेट. तू ६ इंचांचे १५.२ केलेस. सेटचं रूपांतर करूच नकोस. सेट ही कापडाची गोष्ट आहे, ती टेबलावर पसरलेल्या त्याच कापडावर मोजायची. टार्टनचा नमुना धाग्यांच्या मोजणीत ठरलेला असतो, अमुक रंगाचे इतके धागे, पुढच्या रंगाचे इतके. इंच किंवा सेंटीमीटर त्यात कुठेच नाही. तोच नमुना जाड सुतात विणला की सेट मोठा, बारीक सुतात विणला की लहान. म्हणून एकाच नावाच्या टार्टनचा १६ औंसाचा ताका आणि १० औंसाचा ताका यांचा सेट वेगळा येतो. एक सेट मोजू नकोस. पाच सेट सलग मोज, मिलिमीटरमध्ये, आणि पाचाने भाग. कापड ओढायचं नाही, सपाट पडू द्यायचं.

दुसरं, चुण्यांची संख्या. ती सूत्रातून निघावी हेच मला पटत नाही. २८ की २९ हे कारागिराने ठरवायचं. तक्त्याने फक्त पर्याय समोर मांडायचे. तुझ्या माणसाचे सीटला ५३३.४ मिलिमीटर चुण्यांच्या वाट्याला येतात. २६ चुण्या घेतल्या तर प्रत्येकी २०.५, २७ ला १९.८, २८ ला १९.०५, २९ ला १८.४, ३० ला १७.८. शेजारी प्रत्येक पर्यायाला कापड किती लागेल ते येऊ दे. २६ ला साधारण ३९६ सेंटीमीटर, ३० ला ४५७. हा फक्त चुण्यांचा हिशेब, एप्रन आणि माया (शिलाईसाठी सोडलेलं जादा कापड) वेगळी. आता टार्टनकडे बघायचं. चुणीवर जो पट्टा दिसायला हवा तो १९ मिलिमीटरात नीट मावतो का? कडेला दुसऱ्या रंगाची रेघ येते का? त्यावरून संख्या ठरते. राउंडअपला यातलं काही दिसत नाही.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, कंबर. तिथे खरी मारामारी असते, आणि त्यावर तुझ्या पोस्टमध्ये काहीच नाही. कंबरेच्या चुण्यांची रुंदी तक्त्यात किती येते?

क्लाइडकाठ

मावशी, किती आनंद झाला सांगू! कंबरेचा अर्धा १७ इंच, भागिले २८, म्हणजे ०.६०७ इंच. शिक्षिकेचा तक्ता ते इंचाच्या आठव्या भागात गोल करून ५/८ असं दाखवतो. सेंटीमीटरमध्ये १.५४ येतात. इंचाचा आकडा सुटसुटीत दिसतो, सेंटीमीटरचा ओबडधोबड. म्हणून मला वाटत होतं की हे काम इंचांतच नीट होत असावं.

हेदरमावशी

५/८ ला २८ ने गुण. साडेसतरा येतात. तुला हवे होते सतरा. त्या सुटसुटीत आकड्यात अख्खा अर्धा इंच जादा लपलाय. सोळाव्या भागात गेलीस तरी ०.६०७ ला सगळ्यात जवळचा ५/८ च आहे, काही फरक पडत नाही.

सेंटीमीटरवाल्यांनीही लगेच खूश होऊ नये. १५ मिलिमीटर धरलेस तर २८ चुण्यांचे ४२० होतात, हवे ४३१.८, म्हणजे जवळजवळ १२ कमी. साडेपंधरा धरलेस तर २ मिलिमीटर जास्त, ते चालण्यासारखं. म्हणजे इंच चांगला की सेंटीमीटर, असा हा प्रश्नच नाही. एक चुणी गोल करून २८ वेळा मोजलीस की चूकही २८ वेळा होते.

जुन्या हाताच्या बायका काय करतात बघितलं आहेस का? चार-पाच चुण्या शिवल्या की थांबून एकूण रुंदी मोजतात. जास्त झाली असेल तर पुढच्या एक-दोन किंचित आवळून घेतात. तेच तक्त्याला करायला लाव. प्रत्येक चुणीची रुंदी छापू नकोस. चुणीचा शेवट सुरुवातीपासून किती अंतरावर यायला हवा ते छाप.

शून्यशेष

मावशी, हे अप्रतिम आहे. सूत्र सोपं: चुणीचा क्रमांक गुणिले एकूण रुंदी भागिले चुण्यांची संख्या, आणि मग पूर्ण मिलिमीटरपर्यंत गोल. कंबरेला पहिल्या पाच खुणा येतात १५, ३१, ४६, ६२, ७७. मधली अंतरं १५, १६, १५, १६, १५. कुठलीच खूण खऱ्या जागेपासून अर्ध्या मिलिमीटरपेक्षा लांब जात नाही, आणि अठ्ठाविसावी बरोबर ४३२ वर पडते. चूक साठतच नाही, कारण प्रत्येक खूण सुरुवातीपासून नव्याने मोजलेली आहे.

सीटला १९, ३८, ५७, ७६, ९५.

वारपट्टी

एक मिलिमीटरचा फरक डोळ्याला दिसत नाही, खात्रीने सांगतो. कागदाच्या दोन पट्ट्या करा, एक सीटची, एक कंबरेची, त्यावर खुणा मारा आणि चुण्यांखाली ठेवून कच्ची शिलाई घाला. आमच्याकडे शिवलेल्या नऊवारीचं काम येतं तेव्हा निऱ्यांना मी अशीच पट्टी लावतो. टेप कापडावर सरकतो, कागद टाचणीने बसतो.

कापूसकोंड्या

मूळ प्रश्न सुटलाय, पण वार आणि मीटर यांचं राहिलं म्हणून लिहितो.

इंच बरोबर २५.४ मिलिमीटर आणि वार बरोबर ०.९१४४ मीटर हे १९५९ च्या करारातून ठरलं. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका यांनी मिळून तो केला. त्यामुळे २५.४ ही अंदाजे किंमत नाही, व्याख्याच आहे. तिच्यापुढे दशांश लावायची गरज नाही. आपल्याकडे १९५६ चा कायदा झाला आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक मापं लागू व्हायला सुरुवात झाली, तरी शिंप्याच्या टेपावर इंच राहिलाच. कोल्हापूर काय आणि ग्लासगो काय, या बाबतीत सारखंच.

खरेदीत मात्र जपा. किल्टला "आठ वार" म्हणतात. दुप्पट पन्ह्याचं कापड असेल तर चार वार घेऊन लांबीत मधोमध कापतात, दोन पट्ट्या जोडतात आणि तो जोड चुणीच्या आत लपवतात. चार वार म्हणजे ३.६६ मीटर. कुणी वार आणि मीटर एकच समजून चार मीटर मागवले तर ३४ सेंटीमीटर जादा येतात, दोन्ही पट्ट्या मिळून ६८. भरपूर झालं. उलटं झालं, चार मीटर हवे असताना चार वार आले, तर साडेचार सेट कमी पडतील, आणि ते नंतर त्याच विणीत मिळतील याची खात्री नाही.

हेदरमावशी

कापूसकोंड्या, बरोबर. त्यात भर घालते. आठ वार हे नाव झालं, प्रत्येक किल्टला तेवढं लागतंच असं नाही. क्लाइडकाठच्या माणसाला २८ चुण्यांचे ४२७ सेंटीमीटर, दोन एप्रनचे सुमारे १०७, शिवाय एप्रनच्या कडेच्या खोल चुण्या, घेर आणि दुमड. सगळं धरून आठ वारांच्या, म्हणजे ७.३२ मीटरच्या, बरंच आत बसतं. सेट मोठा असेल तर भराभर वाढतं. म्हणून तक्त्यात कापडाचा आकडा नावावरून नको, हिशेबावरून येऊ दे, आणि तो मीटरमध्ये दाखव, कारण मागवताना गिरणीला तेच लिहायचं असतं.

आणि वजनाचा एक फास आहे, त्यात भले भले अडकतात. १६ औंस म्हणजे ताक्याच्या एका वाराचं वजन, पूर्ण पन्ह्यासकट. चौरस वाराचं नाही. त्यामुळे मीटरला ते सुमारे ४९६ ग्रॅम होतात, विकणारे ५०० लिहितात. कुणी इंटरनेटवरच्या रूपांतर यंत्रात १६ घालून चौरस मीटरला ५४२ ग्रॅम असं उत्तर काढतं आणि मग तेवढ्या वजनाचं कापड शोधत बसतं. दीड मीटर पन्ह्याचं १६ औंसाचं कापड चौरस मीटरला ३३० च्या आसपास भरतं. १० औंसाला मीटरला ३१० ग्रॅम. तक्त्यात वजनाचा खाना असेल तर त्यावर "धावत्या मीटरला" असं स्पष्ट लिहून ठेव.

सागरगोटा

मी फ्रँकफर्टला असते. शिवण येत नाही, पण इंचांचे तक्ते नोकरीत रोज हाताळते, म्हणून टंकलेखनातले दोन धोके सांगते.

खान्यात नुसतं ३/८ लिहिलं की एक्सेल त्याची तारीख करतो. ब्रिटिश मांडणीत ३ ऑगस्ट, अमेरिकन मांडणीत ८ मार्च. दिसायला तारीख दिसते म्हणून कळतं तरी, पण त्या खान्याला आधीच अंकांचं स्वरूप दिलेलं असेल तर चाळीस हजारांच्या वरचा आकडा दिसतो आणि सूत्र तोच घेऊन पुढे जातं. ० लिहून जागा सोडून ३/८ लिहिलं की अपूर्णांक म्हणून घेतो. २४ जागा ३/८ असं लिहिलं तर अडचण नाही.

दुसरं, मापापुढे इंचाची खूण म्हणून दुहेरी अवतरणचिन्ह दिलं की तो खाना मजकूर होतो. बेरीज त्याला मुकाट्याने वगळते, चुकीचा इशाराही येत नाही. खान्यावर फक्त अंक स्वीकारण्याची अट घाला आणि मर्यादाही. कंबर मिलिमीटरमध्ये ४०० ते १६०० च्या बाहेर गेली तर खाना लाल. म्हणजे सेंटीमीटरची ९२ कंबर कुणी इंच म्हणून भरली तर २३३७ होऊन लगेच ओरडेल.

वारपट्टी

आकड्यावरूनच ओळखता नाही का येणार, इंच की सेंटीमीटर? साठच्या वर कंबर म्हणजे सेंटीमीटरच की.

सागरगोटा

मोठ्यांचं बहुतेक ओळखता येईल, लहान मुलांचं नाही. ५४ ही लहान मुलाची कंबर सेंटीमीटरमध्ये असते आणि धिप्पाड माणसाची इंचांत. विचारून घेतलेलं बरं.

क्लाइडकाठ

मंडळी, तक्ता नव्याने बांधला. आत सगळं मिलिमीटरमध्ये, कंबरेच्या वरचे ५०.८ नावानिशी वेगळ्या खान्यात, सेटला पाच सेटांची लांबी भरायचा खाना, २४ ते ३२ चुण्यांचे पर्याय एकाखाली एक, आणि निवडलेल्या संख्येच्या दोन खूणपट्ट्या छापायला तयार. तोच माणूस इंचांत आणि सेंटीमीटरमध्ये भरला. २८ चुण्यांच्या ओळीत सीटला इंचांवरून ५३३.४ आणि सेंटीमीटरवरून ५३३.५ येतात. तो दशांश गिऱ्हाइकाने १०६.७ कळवल्यामुळे आहे, तक्त्यामुळे नाही. शिक्षिकेला दाखवला. त्यांनी खूणपट्टी इंचांतही हवी म्हणून सांगितलं, तर त्यांच्यासाठी तीच पट्टी सोळाव्या भागात गोल करून देते. तिथेही प्रत्येक खूण सुरुवातीपासूनच मोजलेली आहे, त्यामुळे कंबर सतरावरच संपते.

मावशी, एक विचारायचं राहिलं. गिऱ्हाईक पँटचा नंबर कळवतं, तो कंबर म्हणून चालतो का?

हेदरमावशी

अजिबात नाही. किल्ट पँटच्या कंबरेवर बसत नाही. तो वर, बेंबीच्या पातळीला किंवा किंचित वर बांधतात, आणि तिथला घेर पँटच्या नंबराशी जुळेलच असं नाही. शिवाय पँटवरचा नंबर आणि टेपवरचं माप यातही फरक असतो. तक्ता पाठवशील तेव्हा त्या खान्याशेजारी "बेंबीपाशी टेप धरून, श्वास सोडून" असं लिही. सीटला सगळ्यात भरलेल्या जागी. उंचीला दुसऱ्या माणसाने मोजायचं, स्वतः वाकून बघितलं की माप बदलतं. जर्मन गिऱ्हाइकांसाठी हे जर्मनमध्ये कुणी लिहून देईल का?

सागरगोटा

मी देते, आज रात्री. आणि क्लाइडकाठ, फाइल एक्सेलचीच पाठवा, साध्या मजकुराच्या स्वल्पविरामवाल्या स्वरूपात नको. इथे दशांशाला टिंबाऐवजी स्वल्पविराम वापरतात, ८६.४ इथे ८६,४ असं लिहिलं गेलं की त्याचे दोन रकाने होऊ शकतात.